परतीचा कोळसा

आमच्या घरमालकांनी आम्हाला हॉट प्रेसमध्ये टॉवेल कधी ठेवू दिले नाहीत. आयर्लंडमध्ये कपाटाला प्रेस म्हणतात, आणि गरम पाण्याच्या टाकीभोवती बांधलेलं उबदार कपाट म्हणजे हॉट प्रेस. स्लायगोची हवा बाराही महिने ओली. धुतलेला मोजा चौथ्या दिवशीही दमट लागतो. अशा गावात हॉट प्रेससारखी मोलाची जागा दुसरी नाही. लोक तिथे चादरी ठेवतात, लहान मुलांचे कपडे ठेवतात. आमच्या हॉट प्रेसमध्ये जहाज होतं.

म्हणजे जहाजाची ड्रॉइंग्ज. एकशे सदतीस शीट्स, सपाट, एकावर एक, मध्ये पातळ कागद घातलेले. दमट हवेत कागद फुगतो, आणि कागद फुगला की जहाज इंचभर लांब होतं, असं ते म्हणत. आम्ही वरच्या मजल्यावर राहायचो, ते खाली. हॉट प्रेस वरच्या जिन्यापाशी. त्यामुळे रोज सकाळी नऊ वाजता ते जिना चढून येत. इस्त्रीचा शर्ट, टाय, बाह्या वर सरकू नयेत म्हणून दंडाला इलॅस्टिक. घर त्यांचंच, तरी दोनदा टकटक करत. मग त्या दिवसाचं शीट दोन्ही हातांवर आडवं घेऊन, बाळंतिणीच्या खोलीतून मूल बाहेर आणावं तसं, एकेक पायरी चाचपत खाली जात. संध्याकाळी पाचला तीच वरात उलटी.

"बाप्पा!" माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या. "म्हातारा कागद वायवते, अन् आपली पातयं ओलीच!"

सासूबाई अमरावतीच्या. तीन महिन्यांसाठी म्हणून फेब्रुवारीत आल्या आणि विमानं बंद झाल्यावर अडकल्या. माझा नवरा डॉक्टर. मार्चमध्ये तो हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये राहायला गेला, घरातल्या दोन म्हाताऱ्या जिवांना आपल्यामुळे काही होऊ नये म्हणून. आठवड्यातून एकदा फाटकाशी येऊन उभा राहायचा, लांबूनच बोलायचा आणि जायचा. राहिलो आम्ही तिघं: वर मी आणि सासूबाई, खाली ते. आणि मी बेकार. पुण्यात आठ वर्षं बिल्डरांकडे ड्राफ्टिंग केलं होतं, जिने आणि पार्किंगचे प्लॅन काढून काढून डोळे गेले होते; इथे कुणी विचारतच नव्हतं.

त्यांचं वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. उंच, किंचित वाकलेले, हाताची बोटं लांब आणि उजव्या मधल्या बोटाला पेनाचा घट्टा. समोर आलेली प्रत्येक वस्तू ते वितीने मोजत. टेबल, दार, आमच्या सासूबाईंचा पोळपाट. बोलणं कमी, आणि जे बोलत त्यात 'ग्रँड' फार. चहा ग्रँड, पाऊस ग्रँड, पाठीत उसण भरली तरी ग्रँड. मला ते 'मिसेस' म्हणत आणि सासूबाईंना 'मोठ्या मिसेस'. सासूबाई त्यांना 'भाऊ' म्हणायच्या आणि त्यांच्याशी सरळ वऱ्हाडीत बोलायच्या. ते इंग्रजीत उत्तर द्यायचे. दोघांचं कधी अडलं नाही.

एप्रिलमधली एक सकाळ. शीट घेऊन जिना उतरताना त्यांचा तोल गेला. मी धावले आणि कागदाचं दुसरं टोक धरलं. तसंच धरून खाली त्यांच्या खोलीत गेले. आयुष्यात पहिल्यांदा मी असं ड्रॉइंग पाहत होते. जहाजाचा आडवा छेद. लाकडाच्या प्रत्येक तुकड्याला त्याची रेघ, त्याचा सांधा, त्याचे खिळे. अक्षरं अशी की छापल्यासारखी म्हणणं म्हणजे छापखान्याचं कौतुक.

"दोन फासळ्यांमध्ये जागाच ठेवली नाही तुम्ही," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला ड्रॉइंग वाचता येतं?"

"इमारतींचं."

"इमारत म्हणजे घाबरून एका जागी बसलेलं जहाज," ते म्हणाले आणि त्यांनी खुर्ची पुढे केली.

त्या दिवसापासून रोज सकाळी अकरा ते एक मी खाली जाऊ लागले. खिडकी उघडी, तोंडावर मास्क, मध्ये सहा फुटांचं टेबल. जहाज ध्रुवाकडच्या बर्फात जाणारं होतं. एकशे बावन्न फूट लांब, सदतीस फूट रुंद. वाफेचं इंजिन, शिवाय तीन डोलकाठ्या, कारण बर्फात कोळसा संपतो पण वारा संपत नाही. ओकच्या फासळ्या इतक्या जवळ की मधे मूठ जाणार नाही, आणि जी फट राहील तिच्यात डांबर आणि भुसा ठासलेला. त्यावर फळ्यांचे दोन थर. त्यावर, बर्फ जिथे घासणार तिथे, ग्रीनहार्ट नावाच्या लाकडाचं चिलखत. हे लाकूड इतकं जड की पाण्यात टाकलं तर बुडतं. साग त्याच्यापुढे लोणी. नाळेत, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकात, चार फूट भरीव लाकूड. मागचा पंखा एका विहिरीसारख्या पोकळीतून वर उचलून घेता येई, बर्फात मोडू नये म्हणून.

"आणि एवढं करून बर्फाने दाबलं तर?" मी विचारलं.

"तर काहीही चिरडतं. बर्फाशी भांडून कुणी जिंकत नाही. म्हणून तिचं पोट गोल आहे." मग आजूबाजूला बघत ते म्हणाले, "मोठ्या मिसेस लिंबं कापताहेत ना?"

सासूबाई त्या दिवशी खालीच, दाराशी बसून, लोणच्यासाठी लिंबं कापत होत्या. त्यांच्याकडून एक ओली बी मागून त्यांनी ती दोन बोटांत धरली आणि दाबली. बी सटकून वर उडाली आणि खिडकीच्या काचेवर आपटली.

"बस. एवढंच. दाबलं की वर सरकायचं. बर्फ खाली मिटून जाईल, ती वर बसून राहील. वसंत येईपर्यंत."

सासूबाईंनी दुसरी बी दाबून पाहिली. तीही उडाली. "खरं हाय जी," त्या म्हणाल्या.

मराठीत जहाज 'ते' असतं. इंग्रजीत ते जहाजाला 'ती' म्हणत आणि ऐकून ऐकून मीही 'ती' म्हणायला लागले. सासूबाईंचा गोंधळ व्हायचा. "ती म्हंजे कोन? जहाज का त्याची बायको?" कारण ते दोघींबद्दल एकाच आवाजात बोलत.

बायको त्या वेळी गावाबाहेरच्या एका वृद्धाश्रमात होती. दोन वर्षांपासून तिला काही आठवत नव्हतं. आधी ते रोज जाऊन तिच्याजवळ बसत. मार्चपासून आत जाणं बंद झालं. आता गुरुवारी दुपारी तीनला, बाहेर बागेत उभं राहून, काचेतून वीस मिनिटं भेट.

त्यांची गोष्ट मला तुकड्या-तुकड्यांनी कळली, शाईत टाक बुडवता बुडवता. तरुणपणी ते एका गोदीत नकाशे काढायच्या ऑफिसात होते. पुरुष पुढच्या हॉलमध्ये पेन्सिलीने ड्रॉइंग काढत. मग ते ड्रॉइंग मागच्या खोलीत जाई. तिथे सगळ्या मुली. त्यांना ट्रेसर म्हणत. त्या पेन्सिलीच्या ड्रॉइंगवर खळ दिलेलं तलम कापड अंथरून शाईने त्याची नक्कल उतरवत, आणि त्या नकलेवरून जहाज बांधलं जाई. पुढच्या हॉलमधल्यांनी मागच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, असा नियम होता. मुली उरलेल्या कापडाचा खळ धुऊन त्याचे रुमाल शिवत. एकदा त्यांच्या ड्रॉइंगसोबत चुकून एक रुमाल परत आला.

"चुकून?" मी विचारलं.

"ट्रेसरच्या हातून चूक होत नाही," ते म्हणाले.

तिला उत्तर कसं द्यायचं? चिठ्ठी पकडली गेली असती. म्हणून त्यांनी कुणीही मागणी न केलेल्या जहाजाचं एक शीट काढलं आणि कामाच्या गठ्ठ्यात सारून दिलं. दोन दिवसांनी ते शाईने उतरून परत आलं, कोपऱ्यात पेन्सिलीने एक प्रश्न: 'हिला थंडी चालते का?' त्यांनी दुसरं शीट काढलं, बर्फाचं चिलखत घातलेलं. असं दीड वर्ष चाललं. साहेबांना वाटायचं, कुठली तरी खरी ऑर्डर असेल. शीट क्रमांक एकोणीसनंतर दोघांनी लग्न केलं. पुढे गोदी बंद पडली. तिचं माहेर स्लायगो, म्हणून इथे आले. ते शाळेत टेक्निकल ड्रॉइंग शिकवू लागले. मूलबाळ झालं नाही. रविवारी दुपारी ते पेन्सिल घेत, ती शाई. पन्नासहून जास्त वर्षं.

"नाव काय जहाजाचं?" मी विचारलं होतं.

"पूर्ण झाल्यावर द्यायचं, असं ठरलंय." आणि तीन शीट्स बाकी होती.

आता त्यांचा हात कापू लागला होता. पेन्सिल चालायची, शाई नाही. मे महिन्यात एक दिवस त्यांनी तिचा टाकांचा डबा माझ्यापुढे ठेवला. मी महिनाभर रद्दीवर सराव केला. रेघ ओढताना श्वास सोडायचा नाही, हे त्यांनी शिकवलं. माझी पहिली नीट रेघ पाहून म्हणाले, "ग्रँड." त्या एका शब्दाने मला इतकं बरं वाटलं की वर येऊन मी सासूबाईंना पुरणपोळी करायला लावली.

गुरुवारी मी त्यांच्यासोबत जाऊ लागले, कारण वाऱ्यात शीट धरायला दोघं लागत. बागेतल्या फुलांच्या वाफ्यात पाय रोवून आम्ही प्लॅस्टिकमध्ये घातलेलं शीट काचेवर सपाट दाबून धरायचो. आतून एक नर्स तिची खुर्ची काचेजवळ आणायची. ती लहानखुरी होती, केस विंचरून मागे बांधलेले. नवऱ्याकडे ती बघायचीच नाही. पण शीट दिसलं की तिचा हात वर यायचा. आतल्या बाजूने काचेवर बोट टेकवून ती एकेका रेघेवरून जायची. हळू, न चुकता. सांध्यापाशी थांबायची, मग वळायची. बाहेर ते काचेला तोंड लावून सांगत राहायचे: ही विहीर, हा पंखा, हे बॉयलर. काचेतून तिला काही ऐकू जात नव्हतं. वीस मिनिटं झाली की नर्स हात हलवायची. परतताना गाडीत ते म्हणायचे, "आज तिने सगळं तपासलं." दर गुरुवारी हेच.

मी ते केलं नसतं तर बरं झालं असतं. पण मी केलं.

सप्टेंबर उजाडला तेव्हा एकच शीट राहिलं होतं. त्यात जहाजाच्या तोलाचा हिशेब. कललेलं जहाज पुन्हा सरळ होतं की नाही, हे एका आकड्यावर ठरतं. तो आकडा शून्याच्या वर असला तर जहाज स्वतःहून उभं राहतं; खाली गेला तर नाही. त्यांनी सगळे हिशेब हाताने केले होते, वर्षांनुवर्षं, वेगवेगळ्या शीट्सवर. मला वाटलं, आपण कॉम्प्युटरवर करून देऊ. खरं सांगायचं तर मला माझी हुशारी दाखवायची होती. बेकारीत माणसाला तशी हौस येते. तीन आठवडे खपून मी त्यांची सगळी मापं घातली. निघतानाचा आकडा छान आला, त्यांच्याइतकाच. कोळसा संपत आला आहे, बंकर, म्हणजे कोळशाच्या कोठ्या, जवळजवळ रिकामे, तरीही आकडा बरा. डोलकाठ्यांवर आणि दोरखंडांवर बर्फ साचला आहे, बंकर भरलेले, तोही बरा.

मग मी दोन्ही एकदम घातलं. तळाचा कोळसा जळून गेलेला, आणि वर बर्फाचं ओझं. आकडा शून्याच्या खाली गेला. पाच इंच.

मी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. पाच इंच खालीच. त्यांची बेरीज कुठेच चुकलेली नव्हती. फक्त रिकामे बंकर त्यांनी एका शीटवर धरले होते आणि दोरखंडांवरचं बर्फ दुसऱ्या शीटवर, दोहोंच्या मध्ये अकरा वर्षं. दोन संकटं एकाच दिवशी येतील, असं त्यांनी कधी मांडलंच नव्हतं. जहाज बर्फात नीट गेलं असतं. बर्फाने दाबलं असतं तर वरही सरकलं असतं. परत येताना, रिकामं, उलटलं असतं.

मी सासूबाईंना सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या.

"सांगू नको त्याले," त्या म्हणाल्या.

"आई, पण ते मला विचारतील."

"मंग खोटं सांग. जे जहाज पान्यात जातच नाई, ते बुडन कसं?"

"ड्रॉइंग चुकीचं आहे, आई."

त्यांनी भाजी बाजूला ठेवली. "तुले म्हाताऱ्याचं दुखते, का तुयं गनित बरोबर आलं त्याचा आनंद हाय? हे आधी पाह्य."

बुधवारी सकाळी ते टाय लावून, मागे हात बांधून उभे होते. उद्या गुरुवार. शेवटचं शीट उद्या काचेवर लावायचं होतं.

"कॉम्प्युटर काय म्हणतो?" त्यांनी विचारलं. "उभी राहते ना?"

मला 'हो' म्हणता आलं असतं. एक अक्षर.

"परतीच्या वेळी नाही," मी म्हणाले.

"किती?"

"पाच इंच. ऋण."

"कोळसा किती उरलेला धरलास?"

"तीस टन."

"आणि बर्फ?"

"तुमच्याच शीटवरून घेतलं. एकशे चारवरून."

त्यांनी शाईच्या बाटलीचं बूच नीट फिरवून लावलं. "ग्रँड," ते म्हणाले. "ग्रँड. बरं झालं सांगितलंस."

दुसऱ्या दिवशी अडीच वाजता मी गाडीची किल्ली घेऊन खाली गेले. ते टेबलाशी बसले होते, जमिनीवर शीट्स पसरलेली.

"आज नाही," ते वर न बघता म्हणाले.

"त्या वाट बघत असतील."

"ती वाट बघत नाही. ती ड्रॉइंग बघते. चुकीचं ड्रॉइंग ट्रेसरकडे पाठवत नाहीत."

"मग जुनं एखादं नेऊ. तुम्ही नुसते तरी चला."

"आधी हे सुटू दे. पुढच्या गुरुवारी."

पुढचा गुरुवार गेला. त्याच्या पुढचाही. ऑक्टोबर संपला. ते रात्रंदिवस उपाय शोधत होते. तळाशी लोखंड घातलं तर तोल सावरत होता, पण जहाज खोल बसत होतं. मग बर्फ जिथे धरणार तिथे पोट गोल नव्हतं, सरळ भिंत होती. म्हणजे उलटणार नाही, चिरडेल. डोलकाठ्या आखूड केल्या तर शिडं कमी, आणि परतीला कोळसा पुरत नव्हता. रुंदी वाढवली तर पहिल्या फासळीपासून सगळं बदलत होतं. एकदा मी म्हणाले, "तुमच्या हयातीत ती पाण्यात जाणार नाहीये. मग एवढं कशाला?"

त्यांनी मान वर केली. रागावले नव्हते. "जहाजं समुद्रात बुडत नाहीत, मिसेस," ते म्हणाले. "कागदावर बुडतात. समुद्रात फक्त उघडकीला येतं. मी साठ माणसं धरली आहेत तिच्यात. प्रत्येकाचं बंकबेड काढलंय."

डिसेंबरात मी हट्टाने त्यांना गाडीत बसवलं. शीट न घेता. काचेपुढे ते मोकळ्या हातांनी उभे राहिले. नर्सने खुर्ची आणली. तिने हात वर केला, काचेवर बोट टेकवलं, आणि तिथेच ठेवलं. रेघच नव्हती. बोट इकडे गेलं, तिकडे गेलं. मग तिने हात खाली घेतला आणि तोंड फिरवलं. ते मागे वळले आणि गाडीत येऊन बसले. विसातली पंधरा मिनिटं शिल्लक होती.

"जुनं एक आणायला हवं होतं," मी म्हणाले.

ख्रिसमसनंतर वृद्धाश्रमात आजार शिरला. काचेजवळ जाणंही बंद झालं. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सकाळी नऊला टकटक ऐकू आली. शीट घ्यायला आले असतील असं वाटलं, पण ते मला सांगायला वर आले होते. टाय नव्हता.

"पहाटे गेली," ते म्हणाले. "फोन आला. झोपेतच गेली म्हणाले. ग्रँड." मग जिन्याचा कठडा धरून खाली बसले. सासूबाई त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. अंतर वगैरे त्यांनी पाहिलं नाही. "रडा भाऊ," म्हणाल्या, "रडून घ्या." ते रडले नाहीत. सासूबाईच रडल्या.

चर्चमध्ये दहाच माणसांना परवानगी होती. गावाने रस्त्याच्या दोन्ही कडांना उभं राहून शेवटचा नमस्कार केला. त्या वर्षी तशीच पद्धत पडली होती. शवपेटी बंदच होती, कुणालाच उघडता येणार नव्हती. त्याआधी अंगणात मी त्यांना विचारलं होतं, पेटीवर एखादं शीट ठेवायचं का, तिच्या हातचं.

"नको. सगळी एकाच जहाजाची आहेत."

दफनभूमीत, पेटी खाली सोडायच्या आधी, त्यांनी पुढे होऊन पेटीच्या काठावर वीत ठेवली. एक वीत, दोन, तीन. लोकांना वाटलं, निरोप घेताहेत. मी जवळ उभी होते, म्हणून मला ऐकू आलं. "फळ्या पातळ आहेत," ते म्हणाले.

नंतर त्यांनी टेबलावर कोरा कागद लावला. वरच्या कोपऱ्यात लिहिलं: शीट क्रमांक एक. "पुन्हा सगळं काढावं लागेल. रुंदी चाळीस फूट करून. शाई तू करशील?"

"करीन," मी म्हणाले.

एप्रिल गेला, मे गेला. कागद कोराच होता. ते रोज नऊला टेबलाशी बसत, पेन्सिलीला टोक करत, पाचला उठत. हॉट प्रेसकडे येणं बंद झालं होतं. एकदा सासूबाईंनी तिथे चादर ठेवली, तर ते काहीच म्हणाले नाहीत. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली.

जुलैत माझ्या नवऱ्याची बदली लेटरकेनीच्या हॉस्पिटलला झाली. सासूबाई विमानं सुरू होताच अमरावतीला गेल्या; जाताना 'भाऊं'च्या पाया पडल्या. मी दर पंधरा दिवसांनी येईन, असं सांगितलं. त्यांनी 'ग्रँड' म्हटलं. गाडीने दोन तासांचा रस्ता. मी गेले नाही. लेटरकेनीत मला एका आर्किटेक्टकडे काम मिळालं, शनिवारी घर आवरायचं असायचं, पाऊस असायचा. कारणं खरी होती. पण त्या टेबलावरचा कोरा कागद बघायची माझी हिंमत नव्हती, हे त्याहून खरं.

नोव्हेंबरात गेले तर घराला दुसरं कुलूप. शेजारणीने सांगितलं, घरात पडले, कंबर मोडली, आता त्याच वृद्धाश्रमात आहेत. "अहो, तो जहाजवाला ना? काही खात नाही म्हणतात."

आता आत सोडत होते. खोलीला बागेकडची खिडकी होती. ते खुर्चीत बसले होते, शर्टाचं वरचं बटण लावलेलं, गुडघ्यांवर शाल. हात शालीखाली. खूप लहान दिसत होते. मला ओळखतील की नाही, मला कळेना. मी मास्क खाली केला.

"मिसेस," ते म्हणाले. "मोठ्या मिसेस पोचल्या ना घरी?"

"पोचल्या. तुमची आठवण काढतात."

"ग्रँड."

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. वाफ्यातली माती नुकतीच कुणी तरी उकरली होती. मी पूर्ण रस्ताभर एक वाक्य घोकत आले होते. सासूबाईंनी वर्षभरापूर्वी सांगितलेलं, तेव्हा न बोललेलं. ते हुकलेले तीन गुरुवार, चार, दहा. ते आणि ती, काहीच परत आणता येणार नव्हतं. पण माणसाला मरताना निदान जहाज तरी उभं दिसावं, असं मला वाटलं.

"मला तुम्हाला काही सांगायचंय," मी म्हणाले. "माझा हिशेब चुकला होता. मी परवा पुन्हा केला. बर्फाचं वजन मी दुप्पट धरलं होतं. ती उभी राहते. परत येतानाही."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. पहिल्या दिवशी, मी फासळ्यांबद्दल बोलले होते तेव्हा पाहिलं होतं तसंच, नीट, रेघ तपासावी तसं.

"नाही," ते म्हणाले. "तू नाही चुकलीस. मी तीनदा केलाय."

आणि शालीखालून हात काढून त्यांनी माझा हात थोपटला, मीच कुणी तरी सांत्वन करण्याजोगी असल्यासारखा.